दोराचं मोकळं टोक

हाल्वर हरणांचा शिकारी. त्या उन्हाळ्यात ख्रिस्तियानिया शहरातून रागनाबाई आल्या, मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या. म्हणाल्या, "स्कारटिंडवर अजून कुणी चढलेलं नाही. मी चढणार. वाट दाखवशील?"

भाकरी-चीज बांधून देताना हाल्वरची बायको पुटपुटली, "चढलेलं नाही, की उतरलेलं नाही? विचार जरा तुझ्या बाईंना."

दुपारी दोघं माथ्यावर पोचले. बाईंनी हौसेनं दगडांचा ढीग रचला. तेवढ्यात दरीतून धुकं वर आलं. ओल्या दगडांचा वास, खोल कुठेतरी पाण्याची धार, बाकी सगळं पांढरं.

उतरताना बाई खाली, हाल्वर वर. दोर दोघांच्या कमरेला. उरलेला दहाएक हात दोर त्याच्या मागे खडकावरून फरफटत होता.

डोंगराच्या अरुंद धारेवर हाल्वरच्या पायाखालचा दगड सुटला. दगड खाली पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही. आपल्याबरोबर बाईही जाणार, एवढंच त्याच्या मनात आलं... आणि कमरेला हिसका बसला. वरून.

तो लोंबकळत होता. मागचा दोर ताठ होऊन सरळ वर धुक्यात गेला होता. चाचपडत त्यानं खडकात पाय रोवले.

"हाल्वर, काय झालं रे?"

"काही नाही. चला तुम्ही... थांबू नका."

"वर कुणी आहे का?"

"कोण असणार, बाई? दोर अडकलाय."

पण अडकलेला दोर ढील देत नाही. हा देत होता. हाल्वर पाऊलभर उतरला की पाऊलभर सुटायचा, तो डगमगला की आवळायचा. दोर धरणारा हात मुरलेला होता. शंभर हात उतरून झाले, तरी तो दहा हातांचा दोर पुरतच होता.

मागचा दोर कापायला हाल्वरनं सुरी काढली. खालून बाईंच्या धापा टाकण्याचा आवाज आला. खडक निसरडा होता. त्यानं सुरी परत म्यानात सारली आणि वर न बघता उतरत राहिला.

शेवटी पाय पायथ्याच्या बर्फाला लागले. दोर सैल झाला. सळसळत खाली आला, दहाएक हातच. त्याच्या टोकाला कमरेएवढं कडं होतं, पक्क्या गाठीचं.

बाई वाकल्या. "हे कधी बांधलंस तू?"

 हाल्वरनं त्या दोराच्या कड्याला हात लावला. बाहेरून दोर धुक्यानं चिंब होता. आतून मात्र कोरडा होता... आणि ऊबदार.