भिंतीखालचं पाऊल

फोर्तुनातोला जाऊन पाच दिवस झाले, तेव्हा रिवाजाप्रमाणे त्याचे कपडे ओढ्यावर धुतले गेले. थोरली बहीण म्हणून मेल्चोरानेही त्याचा करडा पोंचो धुतला, पण इतरांपासून चार दगड सोडून, एकटीने. अकरा वर्षं ती भावाशी बोलली नव्हती. आता त्याच्या बायकोशी काय बोलणार?

भांडण तसं क्षुल्लकच. त्यांच्या डोंगरातल्या गावात कामाची परतफेड कामानेच करतात. मेल्चोरा एक दिवस त्याच्या बटाट्याच्या शेतात राबली आणि तिच्या पेरणीच्या दिवशी पठ्ठ्या मक्याची दारू पिऊन पडला. मेल्चोरा मोजमापाची पक्की; कुणाच्या शेताला किती पाणी द्यायचं हे गावात तीच दोरीने मापून ठरवी. तिने बापाचं घरही दोरीने मापलं आणि बरोबर मधोमध कच्च्या विटांची भिंत चढवली. तिचा पलंग अलीकडे, त्याचा पलीकडे.

मरण्याआधी तीन दिवस तो त्या भिंतीवर बोटांनी टकटक करत होता. दोनदा, मग थांबून एकदा. मेल्चोराने ते ऐकलं होतं. उंदीर असेल, असं स्वतःला सांगून तिने कूस बदलली होती. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि तेच तिला आतून पोखरत होतं.

संध्याकाळी इलारियाने, म्हणजे भावजयीने, नवऱ्याच्या खोलीत चुलीतली राख चाळून पसरली आणि दाराला कुलूप घातलं. सकाळी राखेत पाऊल दिसतं म्हणतात. दाराकडे वळलेलं असलं, तर गेलेला माणूस सुखाने गेला. नसलं, तर त्याचा जीव इथंच कशात तरी अडकलाय. मेल्चोराचा यावर काडीचा विश्वास नव्हता. मांजर फिरतं, वारा येतो, आणि लोक म्हणे पाऊल उमटलं! तरी उजाडताच ती शाल गुंडाळून भावाच्या दारात हजर. पाऊल दाराकडे वळलेलं असू दे, एवढंच तिला हवं होतं.

प्रार्थना म्हणणारे लेओन्सिओबाबा गालात कोकाची पानं धरून उभे होते. शेजारची बासिलियाही आली होती. कुलूप निघालं.

राख पिठासारखी मऊ आणि थंड होती. पलंगापासून अनवाणी पावलं निघाली होती. उजवं, डावं, उजवं. ती दाराकडे जात नव्हती, भिंतीकडे जात होती.

"वन्सं," इलारिया हळूच म्हणाली, "शेवटी आलातच म्हणायचं. पण दारातून यायचं होतं हो."

"कुलूप तुझं, किल्ली तुझ्या कमरेला, आणि चोर मी?"

"अंगठा बघा की. तुमचाच आहे."

मेल्चोरा चिडली. वहाण काढून तिने पहिल्या ठशात पाय ठेवला. बोटं बोटांत बसली, टाच टाचेत. तिच्या मानेवर काटा आला, पण ती हार मानणारी नव्हती.

"आता तू ठेव."

इलारियाचे पाय फावड्यासारखे रुंद. तिचाही पाय त्याच ठशात बसला, राखेचा कण हलला नाही. बासिलियाचं पाऊल लहान मुलीएवढं. तेही बसलं. लेओन्सिओबाबांच्या डाव्या पायाला दोनच बोटं उरली होती. त्यांनी तो पाय डाव्या ठशात ठेवला आणि उचलला. ठशात दोनच बोटं होती.

मेल्चोराने दोरी काढून तो ठसा तीनदा मापला. तिन्ही वेळा माप वेगळं आलं.

"ही भिंत कुठल्या मातीची गं, पोरी?" बाबांनी विचारलं.

"अंगणातल्या."

"आणि ही जमीन?"

मेल्चोराची नजर शेवटच्या पावलावर होती. भिंतीच्या पायथ्याशी नुसती टाच उमटली होती. उरलेलं पाऊल भिंतीखाली गेलं होतं.

कुणाला काही न सांगता ती आपल्या खोलीत आली.

जमीन तिने कालच झाडली होती. तिची चूल बाहेर अंगणात. तरी भिंतीलगत चिमूटभर राख होती आणि राखेत पाच बोटं. तिच्या पलंगाकडे वळलेली.

ती त्या बोटांपाशी बसली. "ऐकलं होतं रे मी," ती म्हणाली. "उंदीर नव्हता. मला ठाऊक होतं." अकरा वर्षांचं रडू तिला एकदम आलं.

मग ती उठली. भिंतीकडे पाठ करून तिने उजवा पाय त्या बोटांवर टेकवला.

मागे टाचेला भिंत लागायला हवी होती. वीतभर जाड, तिनेच रचलेली.

भिंत लागली नाही. टाचेखाली थंड, मऊ राख लागली.

पलीकडून इलारियाचा आवाज आला, अगदी बारीक. "वन्सं, आम्ही तिघं दारापाशी सरकलोय. इथं भिंतीतून एक टाच आलीय. कुणाची हो?"

मेल्चोराने डोळे मिटले.

"आपली," ती म्हणाली.

मग तिच्या टाचेवर कुणीतरी बोटांनी टकटक केली. दोनदा, मग थांबून एकदा.

या वेळी तिने पाय काढून घेतला नाही.