वसुधा कुठल्या खाटेवर?

चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. घाटकोपरच्या एका प्रसूतिगृहाच्या जिन्यात वहीत डोकं खुपसून चढणाऱ्या एका तरुणाने वनमाला तावडेच्या हातातला थर्मामीटर धक्का लागून फोडला.

"सॉरी, सिस्टर. लक्ष नव्हतं."

"कुठे होतं लक्ष?"

"जन्मात," तो म्हणाला.

त्याचं नाव शरच्चंद्र. समोरच्या इमारतीत एक निवृत्त प्राध्यापक इंग्रजी-मराठी कोश करत होते, हा त्यांचा मदतनीस. गाडं 'बर्थ' या शब्दापाशी अडलं होतं. नुसता अर्थ कुणीही लिहील, बायकांच्या तोंडचे जिवंत शब्द आण, असं सरांचं फर्मान. पण चार ते सहाच्या वेळात फक्त नातेवाइकांना प्रवेश. तेव्हा या सरळमार्गी माणसाने दारावरच्या वॉचमनला ठोकून दिलं होतं, बायको आत आहे, नाव वसुधा.

वॉचमनकडून हे कळल्यावर वनमालाने त्याच संध्याकाळी अठराच्या अठरा खाटा पाहिल्या. वसुधा एकीवरही नव्हती. खरं तर तिने तक्रार करायला हवी होती. पण तो माणूस तिला आवडला होता, आणि आवडलेल्या माणसाची तक्रार करायची म्हणजे फार जिवावर येतं.

मग तो रोज यायला लागला. नवऱ्यांच्या बाकावर बसायचा. शेजारचे नवरे बाप होऊन घरी जायचे, हा आपला तिथेच.

"काय हो, वसुधाताईंना कितवा?" वनमाला विचारायची.

"नववा."

"गेल्या महिन्यातही नववाच होता."

त्याचे कान लाल व्हायचे. ते पाहायलाच ती मुद्दाम बाकावरून जायची.

सहाव्या आठवड्यात तो धावतच आला. "सिस्टर, सापडलं. बर्थ म्हणजे मुळात वाहून नेणं. आपला 'भार' आहे ना... त्याचा लांबचा चुलतभाऊ. म्हणजे जन्म घेणं म्हणजे — कुणीतरी आपल्याला वाहून आणलेलं असणं."

"एवढ्यासाठी सहा आठवडे? माझ्या आईला विचारायचं. चहात साखर कमी पडली तरी ऐकवते, नऊ महिने पोटात वागवलंय तुला."

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग घाईघाईने खिशातून शब्द टिपायचं कार्ड काढलं. "परत म्हणाल?"

तिने परत म्हटलं, अगदी सावकाश. लिहून झालं की तो जाणार, हे तिला कळत होतं.

"शब्द मिळाला. आता कशाला याल तुम्ही..."

"अजून — उदाहरणं हवीत."

"किती?"

"बरीच," तो म्हणाला, आणि कान पुन्हा लाल.

दुसऱ्याच दिवशी तिचा भाऊ सहदेव आपल्या बायकोला, शकुला, रिक्षात घालून घेऊन आला. कळा सुरू झालेल्या, वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही आणि अरुंद जिन्यात स्ट्रेचर वळेना. शरच्चंद्राने वही बाकावर टाकली, एक लाकडी खुर्ची ओढली, शकुला बसवलं. पुढून तो, मागून सहदेव.

"हळू रे, माका पाडशात," शकु ओरडत होती. शरच्चंद्र घामाघूम झाला, पण खुर्ची त्याने जराही कलू दिली नाही. वनमाला वाट मोकळी करत पुढे धावत होती आणि मागे वळून बघताना तिला कळून चुकलं, आपलं काही खरं नाही.

तासाभराने मुलगी झाली. सहदेव बर्फीचा पुडा घेऊन शरच्चंद्रापाशी आला.

"साहेब, तुमचे उपकार. वॉचमन म्हणाला, तुमची मिसेसपण इथेच आहे. कुठल्या खाटेवर? त्यांना माझ्या हाताने बर्फी देतो."

वनमालाचा दादा जितका मायाळू, तितकाच तापट. बहिणीमागे लागलेला लग्न झालेला माणूस म्हटल्यावर तो पुढचं ऐकूनही घेणार नव्हता.

"वसुधा नाहीये," शरच्चंद्र पुटपुटला.

सहदेवचा चेहरा पडला. "अरेरे... वारल्या?"

"नाही हो. जन्मल्याच नाहीत."

मग त्याने सगळं सांगितलं. कोश, वॉचमन, थाप. "पहिला आठवडा शब्दासाठी आलो. नंतरचे... यांच्यासाठी." आणि 'यांच्या'कडे बघायचा धीर काही त्याला झाला नाही.

"खोटं बोलून माझ्या बहिणीच्या मागे?" सहदेवने पुडा मिटला.

"दादा," वनमाला म्हणाली, "मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर — हे परत आले नसते."

सहदेवने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्या खुर्चीकडे.

"रविवारी घरी ये. आईसमोर हेच सगळं बोलायचं," तो शेवटी म्हणाला. "मटण खातोस ना?"

शरच्चंद्राने जन्मात अंडंही खाल्लं नव्हतं. हो म्हणून मोकळं होणं सोपं होतं.

"नाही... खात नाही. पण येतो."

"बरं. काळ्या वाटाण्याची उसळ करू," म्हणत सहदेवने पुडा पुन्हा उघडला.

"आंबोळ्या मी करीन," वनमाला म्हणाली.