करिश्माचं कार्ड

"खोटं वाटलं तर अमरावतीले राजापेठेत जाऊन त्यालेच पुसा," म्हणत रामरावांनी शेकोटीत काटकी सरकवली आणि पोरांना साडूच्या मुलाची, कुंदनची गोष्ट सांगितली.

कुंदन लहान मुलांचे पेसमेकर तपासतो. काही लेकरांचे ठोके जन्मापासूनच मंद असतात. त्यांच्या पोटाच्या कातडीखाली यंत्र बसवून तिथून हृदयाला तार नेतात. लेकरू वाढतं, तार वाढत नाही, ताण बसून तुटते. म्हणून दर खेपेला पोटावर मशीनची चकती ठेवून सगळं तपासायचं आणि लेकराच्या कार्डावर लिहायचं.

जूनमध्ये पातूरच्या शिबिरात तीन वर्षांच्या करिश्माने चकती पाहताच भोकाड पसरलं. कुंदनची जेवायची वेळ झाली होती. त्याने मागचेच आकडे उतरवले, पुढे ‘ठीक’ लिहिलं आणि वेळ मारून नेली.

"थू!" रामराव थुंकले. "अशा हातानं घास तोंडात जातेच कसा?"

तेरा डिसेंबर, शनिवार. दुसऱ्या दिवशी सकाळी पातूरला पुन्हा शिबिर होतं, म्हणून कुंदन मशीन घेऊन रात्रीच अमरावतीहून निघाला. अकोला मागे पडलं. पावणेबारा वाजले. पातूर चारेक किलोमीटर राहिलं असताना गाडीच्या उजेडात एक पोर उभी दिसली. हातात कार्ड.

करिश्मा. एकटीच.

"पोरी, तुहा बाप कुठी हाय?"

तिने फ्रॉक वर केला.

"काका, तपासा ना... आता नाई रडत मी."

त्याने चकती ठेवली. पोट गार. ओलं. बोटांना काळी माती चिकटली... आणि वास. कुजका.

पडद्यावर आकडे आले. बॅटरी चांगली. तार तुटलेली. ठोका...

एकही नाही.

सवयीने त्याने तिच्या कार्डावर दोन शब्द लिहिले. मान वर केली. रस्ता रिकामा. ना पोर, ना कार्ड. तो कडेला वाकून ओकला. स्वतःच्याच हाताची त्याला किळस आली, ती आजही गेलेली नाही.

सकाळी शिबिरात करिश्माचा बाप आला, गोवर्धन.

"कार्ड वापस द्याले आलो, साहेब. पोरगी ऑगस्टातच गेली. लहान लेकरू, जाळत नाईत... वावराच्या धुऱ्यावर पुरलं. यंत्र तिच्यातच हाय. हे कार्ड तवापासून पेटीत कुलपात होतं."

कुंदनने कार्ड उघडलं. जूनच्या ‘ठीक’खाली कालची तारीख. पुढे त्याच्याच अक्षरात... ‘तार तुटली’.

गोवर्धनला वाचता येत नव्हतं.

"काय लिवलं हाय, साहेब?"