डाव्या चाकाचा दिवा

नौसोरीच्या विमानतळावर त्या सकाळी असा पाऊस होता, की छत्री असून नसल्यासारखी. उड्डाणाआधी विमानाभोवती फेरी मारून सगळं तपासायचं, हे सहवैमानिकाचं काम. उनाइसी पंखाखाली वाकून चाक निरखत होती, तेवढ्यात शेजारी कुणीतरी आडोशाला येऊन उभं राहिलं. प्रवाशांची देखभाल करणारी नेहमीची मुलगी तापानं पडली होती, म्हणून ऐनवेळी पाठवलेला हा फेरेती.

"काही हरवलंय का?" त्यानं विचारलं.

"नाही. काही सापडू नये, म्हणून शोधतेय."

तो हसला आणि आपली छत्री तिच्या डोक्यावर धरून चाकामागून चाकाकडे तिच्याबरोबर फिरला. स्वतः मात्र नखशिखान्त भिजला.

पुढे लंबासा, सावुसावू, तावेउनी... बेटाबेटांवरच्या दोघांच्या फेऱ्या वरचेवर एकत्र पडू लागल्या. तो रोटुमाचा, ती कडावूची. आपल्या बेटावरच्या संत्र्यांची फुशारकी तो मारायचा; कडावूची माणसं गोड असतात असं ऐकलं होतं, पण अनुभव वेगळाच येतोय, म्हणायचा. ती ओठ दाबून हसू लपवायची आणि दुसऱ्या दिवशी त्याचीच वाट पाहायची.

एका संध्याकाळी त्यानं सरळ मागणी घातली. उनाइसीनं मान खाली घातली. तिचे वडील बेटांमधल्या बोटीवर इंजिन सांभाळायचे. बोट एका वादळात गेली ती परत आलीच नाही. त्यानंतर कित्येक महिने आई दारात बसून असायची. माझ्यासाठी कुणी असं दारात बसलेलं मला चालणार नाही, असं तिनं त्याला सांगितलं.

"मी कुठे घरी बसणार आहे?" तो हलकेच म्हणाला. "मी तर तुझ्या मागेच असतो."

ती तरीही नाहीच म्हणाली. त्यानं पुन्हा विषय काढला नाही.

मग ती दुपार आली. लंबासाहून परतताना, नौसोरी समोर दिसत असताना, चाकं खाली सोडली. चाक पक्कं बसल्याचा उजवीकडचा आणि पुढचा दिवा हिरवा झाला. डाव्या चाकाचा दिवा लागला नाही.

कॅप्टन पेनींनी शांतपणे विमान पुन्हा वर घेतलं. "मी उडवतो, पोरी. तू चाकाचं बघ."

समुद्रावर घिरट्या सुरू झाल्या. उनाइसीनं सूचना वाचत हातानं चाक सोडायचा दांडा ओढला, पायाजवळचं झाकण उघडून पंप मारला. खांदे भरून आले, तरी दिवा लागेना. दिवाच बिघडला होता, की चाक अडकलं होतं? ते फक्त मागच्या खिडकीतून दिसणार होतं. तिनं मागे बोलायचा फोन उचलला.

"फेरेती, डावं चाक बघून सांग."

मागे कुणीतरी प्रार्थनागीत धरलं होतं. हळूहळू सगळे त्यात मिसळत होते.

"खाली आलंय," तो म्हणाला. "पण पुरतं नाही. तिरकं आहे."

सगळं ठीक आहे असं त्यानं म्हणावं, एवढंच तिला त्या क्षणी हवं होतं. तो ते म्हणाला नाही. तिनं दात आवळून पुन्हा पंप मारायला घेतला.

"आता?"

"थांब... काचेवर पाणी आहे." आणि मग, "हो. आता सरळ आहे. उजव्यासारखंच."

दिवा मात्र विझलेलाच होता. चाक टिकेल याची खात्री कुणीच देऊ शकत नव्हतं. उतरताना काय करायचं, कोणत्या इशाऱ्यावर प्रवाशांना वाकवायचं, हे तिनं त्याला सांगितलं. त्यानं शब्दन् शब्द परत म्हणून दाखवला.

"आणखी काही?" त्यानं विचारलं.

"नाही... एवढंच." तिनं फोन ठेवला, आणि ठेवल्याठेवल्या तिचा हात पुन्हा फोनकडे गेला, पण धावपट्टी समोर आली होती.

उजवं चाक आधी टेकलं. मग कॅप्टननी डावी बाजू अलगद, अगदी अलगद खाली आणली. विमान थरथरलं, थोडं ओढलं गेलं... आणि सरळ धावत राहिलं. कॅप्टननी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

सगळे प्रवासी उतरल्यावर ती मागे गेली. फेरेती रिकाम्या खुर्च्यांमध्ये पट्टे सरळ करत होता.

"मी तुझ्याशी खोटं बोलले," ती म्हणाली. "फोनवर. आणखी होतं सांगायचं."

तो वळला.

"कॉकपिटच्या त्या दाराआड तू कसा आहेस, हे कळायला काही मार्ग नव्हता. आईसारखं दारात बसणं मलाही चुकलंच नाही, फेरेती. मला तू हवा आहेस."

"नवराबायकोला एका विमानावर ठेवत नाहीत," तो सावकाश म्हणाला. "मी मागे नसेन."

"माहीत आहे."

"आणि तुझी आई?"

"तिला आज संध्याकाळी तू सांगायचंस. मी शेजारी बसेन."

त्यानं हातातला पट्टा खाली ठेवला, आणि तिचे पंप मारून लाल झालेले तळवे आपल्या हातांत धरले.