सत्त्याण्णव गुणांची उत्तरपत्रिका

"मॅडम, हौदात बाई हाय," एवढंच म्हणून चिंधूनं फोन ठेवला.

मंगळवारची सकाळ, सात वाजले होते. फौजदार सत्यभामा गजभियेनं हातातला चहा तसाच टेबलावर ठेवला आणि जीप काढायला सांगितली.

मिल करडीच्या रस्त्यावर होती. उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाची. तिथं धान आधी गरम पाण्याच्या हौदात भिजवतात, मग वाफवतात, मग पटांगणात वाळवतात. चिंधू तिथला बॉयलरवाला. सकाळी हौद बघायला वर चढला, तर भिजलेल्या धानावर त्याला लुगड्याचा पदर तरंगताना दिसला.

हौदाच्या पायऱ्यांखाली चपलांची रांग लागली होती. मजूर बायांच्या, हमालांच्या, मिलचा दिवाणजी केवळराम याचे झिजलेले बूटसुद्धा. पायताण घालून धानापाशी कोणी चढत नाही. हे इथं कोणी कोणाला शिकवत नाही आणि कोणी विसरतही नाही. सत्यभामानंही पोलिसी बूट काढून रांगेत ठेवले आणि गारठलेल्या सिमेंटवरून वर गेली.

बाईला बाहेर काढून ताडपत्रीवर ठेवलं होतं. धुरपता, वय पंचेचाळीस. वीस वर्षं याच पटांगणात पायानं धान फिरवत आलेली. डोक्यामागे जखम होती. पडताना कठडा लागला असेल, असं हवालदार म्हणाला. पायांत प्लास्टिकच्या पट्ट्याच्या चपला होत्या. दोन्हींचे बंद नीट लावलेले.

कठड्यावर विटेखाली एक कागद होता. वरची कड फाटलेली, निळ्या जेल पेननं लिहिलेला. वाफेनं शेवटच्या ओळीचा पार निळा लगदा झाला होता. सत्यभामानं चष्मा लावून, कागद उजेडात धरून पाहिला. ती ओळ काही लागली नाही.

"काय लिवलं हाय त्याच्यात?" ताडपत्रीपाशी बसलेल्या यादोरावनं विचारलं. तो धुरपताचा नवरा, याच मिलमध्ये हमाल. चाळीस वर्षं पोती वाहून मान खांद्यात गेलेला.

त्याची मुलगी प्रतिक्षा पुढे आली. वीस वर्षांची, बारावी झालेली, डोळे सुजलेले. "द्या मॅडम, मी वाचतो बाबाले," ती म्हणाली. तिनं कागद घेतला आणि एका दमात वाचला.

"मी जात आहे. रडू नका. यात कोणाचा दोष नाही. माझ्या मर्जीने जात आहे. पोरीला पुढे शिकवा."

यादोरावनं कागदाकडे पाहून मान हलवली. मग म्हणाला, "माही बायको लिवत नाई. मॅडम, तिले लिवताच येत नाई."

"येत होतं," पायऱ्यांवरून आवाज आला.

धर्मेंद्र सर वर आले होते. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट. "साहेब, जोडे!" चिंधू ओरडला. "हो, हो," म्हणत ते जागेवरच उभे राहिले. बूट काही निघाले नाहीत.

सर एका संस्थेचे समन्वयक होते. मागास भागातल्या मजुरांना कामाच्याच जागी लिहायला-वाचायला शिकवायचं, अशी सरकारची योजना होती, आणि तिचं अनुदान सरांच्या संस्थेला मिळत होतं. गोंदिया जिल्हा वेगळा झाला, मोठमोठ्या मिला तिकडे राहिल्या, उरलेल्या भंडाऱ्याला सरकारनं निदान अक्षरं तरी द्यावीत म्हणून ही योजना आली, असं सर भाषणात सांगत. या मिलमधल्या साठ बाया पटावर होत्या. प्रतिक्षा त्यांची शिक्षिका.

"धुरपताबाई जिल्ह्यात पहिल्या आल्या," सर म्हणाले. "शंभरपैकी सत्त्याण्णव. गुरुवारी भंडाऱ्यात त्यांचा सत्कार होता. पाहुण्यांसमोर धडा वाचून दाखवणार होत्या. दडपण आलं असेल बिचारीला."

त्यांनी बॅगेतून तिच्या उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानाची झेरॉक्स काढली. अक्षर हुबेहूब जुळत होतं, तेच गोल वळण, तोच लांब काना. यादोरावकडे पाहून सर हळूच म्हणाले, "यांना स्वतःला येत नाही ना, म्हणून पटत नाही."

सत्यभामाची आई कारध्याची, जन्मभर अंगठा लावणारी. तिच्याबद्दल असंच बोलणारी माणसं सत्यभामानं लहानपणापासून ऐकली होती.

दुपारी वरिष्ठांचा फोन आला. चिठ्ठी आहे, अक्षर जुळतंय, बाई सरकारी दप्तरात साक्षर आहे. आत्महत्या लिहा आणि मोकळ्या व्हा.

ठाण्याच्या पायरीवर यादोराव बसून होता. "मॅडम, मले पैसा नको, काई नको," तो म्हणाला. "येवढंच सांगा. ते मले सोडून आपल्या मनानं गेली का?"

"गुरुवारपर्यंत सांगते, यादोरावभाऊ," सत्यभामा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, ती मिलच्या पटांगणात धुरपताच्या जोडीदारणीपाशी, चंद्रकलाबाईपाशी बसली.

"वर्ग कुठं भरायचा?"

"कोन्ता वर्ग?"

"लिहिण्या-वाचण्याचा. तुमचं नाव आहे पटावर. तुम्हाला एक्काहत्तर गुण आहेत."

चंद्रकलाबाई हसली, मग जीभ चावली. "एक डाव फोटू काढला मॅडम. समद्यायच्या हातात पाट्या देल्ल्या. फोटू झाला, पाट्या वापस घेतल्या."

"परीक्षा कधी झाली?"

"आमाले का मालूम?"

सत्यभामानं तारीख सांगितली. चंद्रकलाबाईनं बोटं मोजली. "त्या दिवशी तं आमी सानगडीले होतो. धुरपताच्या भावाची तेरवी होती. मी तिच्यासंगंच गेली होती."

"मग गुरुवारी ती वाचणार काय होती?"

"तेच तं!" चंद्रकलाबाईनं आवाज खाली आणला. "सर म्हने, चार ओळी पाठ कर अन् पुस्तक हातात धर. धुरपता म्हने, मी असं नाई करत. माह्या नावानं लबाडी कराची नाई. स्टेजवर चढन अन् सांगन, मले येत नाई, आमाले कोनी शिकवलंच नाई. आता तरी शिकवा म्हनन."

"हे कोणाकोणाला सांगितलं होतं तिनं?"

"समद्यायले. ते का कोनाले भेत होती?"

मग केवळराम. साठ बायांच्या वर्गाच्या हजेरीवर दोन वर्षं त्याचीच सही होती, आणि मिलच्या किल्ल्याही त्याच्याच कमरेला.

"सही काहून केली, दिवाणजी?"

"मालकानं म्हटलं, कर. केली."

"सोमवारी संध्याकाळी कुलूप कोणी लावलं?"

"मीनं. पाच वाजता सुट्टी झाली. धुरपता मांगं राहिली. म्हटलं, काहून थांबली? तं म्हने, काम हाय. मी सामोरचं फाटक लावून घरी गेलो. कोंड्याकडचं लहान दार उघडंच रायते."

दोन वर्षांच्या खोट्या सह्या उघड झाल्या की केवळरामची नोकरी जाणार, कदाचित जेलही. माणूस मारायला एवढं कारण पुरतं. हवालदारानं तर बेड्या घालायचीच तयारी केली.

"थांबा," सत्यभामा म्हणाली. तिच्या डोळ्यांपुढून त्या बंद लावलेल्या चपला हलत नव्हत्या.

दुपारी ती भंडाऱ्याला गेली. योजनेच्या कार्यालयात तिनं मिलच्या साठही उत्तरपत्रिका मागवल्या आणि टेबलावर पसरल्या. साठ बाया, साठ नावं, आणि अक्षर एकच. निळं जेल पेन, गोल वळण, लांब काना. धुरपताची पत्रिका तेवढी जास्त निगुतीनं लिहिलेली होती. बाकी सगळ्यांच्या घाईत उरकलेल्या.

सातवा प्रश्न पत्राचा होता. 'तुम्ही कामासाठी परगावी जात आहात. घरी पत्र लिहा.' दहा गुण. धुरपताच्या पत्रिकेच्या मुखपृष्ठावर सातव्या प्रश्नाला दहापैकी दहा दिले होते. आत ते पानच नव्हतं.

"ही पत्रिका बाहेर गेली होती का?" तिनं कारकुनाला विचारलं.

"पहिला नंबर ना. प्रदर्शनात लावायची म्हणून सर घेऊन गेले होते. मंगळवारी सकाळी परत आणून दिली. तेव्हापासून इथंच आहे."

मंगळवारी सकाळी. म्हणजे मिलमध्ये हळहळून, झेरॉक्स दाखवून सर तडक इथंच आले होते. सत्यभामानं गठ्ठा ताब्यात घेतल्याची पावती लिहून दिली.

गुरुवारी सकाळी मिलच्या फाटकाशी संस्थेची गाडी उभी होती. सत्कार रद्द झाला नव्हता. मरण पावलेल्या बाईच्या जागी तिची मुलगी बक्षीस घेणार होती. टाळ्या जरा जास्तच पडतील, असं धर्मेंद्र सर कोणाला तरी फोनवर सांगत होते. प्रतिक्षा नवी साडी नेसून गाडीपाशी उभी होती.

सत्यभामानं सगळ्यांना पटांगणात बोलावलं. यादोराव धानाच्या कडेला उकिडवा बसला.

"धुरपताबाईला लिहिता येत नव्हतं," ती म्हणाली. "परीक्षेच्या दिवशी त्या सानगडीला होत्या. तरी चिठ्ठीचं अक्षर उत्तरपत्रिकेशी जुळतं. आम्ही सगळे त्यावरच फसलो. ज्यानं पत्रिका लिहिली त्याचंच अक्षर चिठ्ठीत आहे, एवढाच त्याचा अर्थ होता. ती चिठ्ठी नाहीच. सातव्या प्रश्नाचं उत्तर आहे, पत्रिकेतून फाडलेलं. वरच्या ओळी फाडून टाकल्या की कामाला निघालेल्या बाईचं पत्र मरायला निघालेल्या बाईचं होतं. तपासणाऱ्यानं त्याला दहा गुण दिले, म्हणजे तेव्हा पान जागेवर होतं. त्यानंतर पत्रिका एकाच माणसाकडे होती."

"किल्ल्या केवळरामकडे होत्या," धर्मेंद्र सर ताडकन म्हणाले. "हजेरीही त्याचीच."

"होत्या. पण धुरपताबाईच्या पायांत चपला होत्या, सर. बंद लावलेल्या. जीव द्यायला निघालेली असती तरी त्या बाईनं त्या पायऱ्यांखाली काढल्या असत्या. वीस वर्षांचं अंगवळण आहे ते. आणि तिला दुसऱ्या कोणी उचलून टाकलं, तो केवळराम असता, चिंधू असता, यादोराव असता, तर त्यानं तिला मारल्यावरसुद्धा आधी तिच्या चपला काढल्या असत्या. इथल्या माणसाला चपलेसकट धानात टाकायचं सुचलंच नसतं. त्या सकाळी इतके जण वर आले. बूट घालून एकटे तुम्ही उभे होतात."

सरांची नजर आपल्या बुटांवर गेली. वाळत्या धानावर ते आत्ताही बूट घालूनच उभे होते. चंद्रकलाबाई जागची उठली आणि त्यांच्यावर थुंकली.

"मीच तिला थांबायला सांगितलं होतं, कोंड्याकडच्या दारानं समजवायलाच गेलो होतो," सर बोलू लागले, आणि मग थांबेनात. "पुढचं अनुदान त्या कार्यक्रमावर होतं. तिला म्हटलं, पाठ कर, दोन हजार देतो. ऐकेना. वर तोंड करून म्हणते, मले खरंच शिकवा. म्हणून ढकलली. हौदाच्या भिंतीवर आपटली. मला वाटलं, मेली."

"मेली नव्हती," सत्यभामा म्हणाली. "अहवाल आलाय. फुप्फुसात पाणी होतं. तुम्ही तिला वर नेलंत तेव्हा तिचा श्वास चालू होता."

हवालदारानं बेड्या घातल्या. यादोराव अजून जमिनीकडेच बघत होता.

"म्हंजे ते आपल्या मनानं नाई गेली," तो म्हणाला.

"नाही, भाऊ."

त्यानं तोंडावरून हात फिरवला. मग मान वर केली. "पन मंग ते पत्र लिवलं कोनं?"

सत्यभामानं ते सांगायचं शक्य तितकं लांबवलं होतं. "शेवटची ओळ वाफेनं पुसली होती," ती म्हणाली. "मला वाचता आली नाही. कोणालाच आली नसती. जिनं लिहिली होती तिनं ती न अडता वाचली."

प्रतिक्षा जागची हलली नाही. नव्या साडीचा काठ तिनं मुठीत धरला होता.

"सरनं साठही पेपर माह्याकडूनच लिवून घेतले," ती म्हणाली. "आईचा चांगला लिवला. मले वाटलं, तिचं नाव वर यावं."

"कागद पाहिला तेव्हाच तुला कळलं?"

"हो."

"मग?"

"सर म्हने, अक्षर तुहं हाय, तूच अडकशील. चूप रायली तं नोकरी पक्की करतो." तिनं ओठ चावला. "आई तं गेलीच होती मॅडम. मी बोलून का वापस आली असती?"

तीन दिवस बाप दाराशी बसून बायको आपल्याला का सोडून गेली म्हणून विचारत होता, आणि त्याच घरात ही त्याला भात वाढत होती. सत्यभामाला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. तिनं हात मागं बांधले.

"वरचं जे फाडलं," यादोरावनं विचारलं, "त्याच्यात का होतं?"

प्रतिक्षानं डोळे मिटले आणि तोंडपाठ म्हटलं, "विटांच्या भट्टीवर काम मिळाले आहे. होळीच्या आधी परत येईन."

यादोराव उठला. मुलीकडे न बघता तिच्या अंगावरून पुढे गेला.

दुपारी ठाण्यात त्याचा जबाब लिहून झाला. बाकावर बसवून ठेवलेली प्रतिक्षा सवयीनं पुढे आली. "बाबा, मी वाचून दाखवतो."

"तू नोको," तो म्हणाला. "मॅडम, तुमी वाचा."

सत्यभामानं सगळा जबाब सावकाश वाचला. त्यानं एकेक शब्द ऐकला.

"पोरीचं नाव लिवलं का?"

"लिहिलं आहे."

"कोन्त्या जाग्यावर हाय?"

सत्यभामानं बोट ठेवून दाखवलं. यादोरावनं त्या अक्षरांकडे नीट पाहून घेतलं. मग डाव्या हाताचा अंगठा शाईत बुडवला आणि जबाबाखाली जोर देऊन दाबला.