सोबती गप्प बसला तर

सकाळी दहा वाजता सुनेत्राताई मगदूम सांगलीतल्या ‘खेळघर’ कंपनीच्या प्रयोगशाळेत येऊन बसल्या आणि सवयीने त्यांनी आधी संगणकावर आपला कट्टा उघडला. कालपासून तीन नोंदी आल्या होत्या. दोन केस वाढवायच्या तेलाच्या, एक घरबसल्या पत्रिका पाहून देणाऱ्याची. ताईंनी तिन्ही पुसल्या. ‘भुयार’ या खेळाच्या चर्चेचा हा कट्टा त्या बावीस वर्षं सांभाळत होत्या, आणि गेली चार वर्षं सांभाळणं म्हणजे केर काढणं एवढंच उरलं होतं. त्याचाही आताशा कंटाळा येऊ लागला होता.

एके काळी भुयारातल्या एकेका गुहेवर, म्हणजे एकेका कोड्यावर, दोन-दोन हजार नोंदी पडायच्या. ‘झोपमोड्या’ नावाचा एक गडी छातीठोकपणे चुकीचं सांगायचा, ‘खडूसकाका’ त्याचे वाभाडे काढायचे, आणि त्या हाणामारीत कुणी तिसराच गुहेचं दार उघडून मोकळा व्हायचा. ताईंना तेव्हा जेवायला उसंत नसे. आता उसंतच उसंत होती, आणि ती काही लोणच्यासारखी बरणीत भरून ठेवता येत नव्हती.

“मी अजून एकदा सांगते, कुलथेसाहेब,” त्या समोरच्या संचालकांना म्हणाल्या. “तुमच्या त्या सोबतीनं माझा कट्टा मारला. त्याला गप्प बसवा, माणसं परत येतात की नाही बघा.”

सोबती म्हणजे खेळातच बसवलेला बोलका सहायक. खेळाडू अडला की तो कानात हळूच उत्तर सांगायचा. चारचौघांत विचारायला नको, कुणाची थट्टा ऐकायला नको. ताई त्याला पाण्यात पाहत होत्या.

“ताईंचा कट्टा टिकावा अशी कंपनीचीही गरज आहे,” डॉ. शाहीन मुजावर म्हणाली. सोबती तिनंच घडवला होता. “सोबती जे काही शिकला, ते या कट्ट्यावरच्या भांडणांतून. कुणाचं काय चुकलं, कुणी ते का खोडलं, हे सगळं तिथं उघड्यावर लिहिलेलं होतं. आता लोक लिहीतच नाहीत. नव्या गुहा खेळ स्वतःच रचतो, त्यांची उत्तरं आपल्यालाही ठाऊक नसतात. म्हणून सत्तेचाळिसाव्या गुहेचं उत्तर सोबतीला येत नाही.”

“लोक सोबतीशी बोलतात की. तेच साठवा,” कुलथे म्हणाले.

“खासगी बोलणं साठवायचं नाही असा कायदा आहे, साहेब. आणि साठवलं तरी उपयोग नाही. एकटा माणूस अडला की कंटाळून उठून जातो. त्याची चूक दुसऱ्याला कळतच नाही, मग ती खोडणार कोण?”

कुलथ्यांनी कपाळ चोळलं. सत्तेचाळिसाव्या गुहेपाशी रोज हजारो लोक खेळ सोडून जात होते. “सोबती गप्प केला आणि तरी कट्ट्यावर कुणी आलं नाही, तर उरलेलेही जातील. आधी मला खात्री द्या. नाहीतर महिनाअखेर कट्टा बंद करतो. रिकामी जागा किती दिवस झाडत बसणार?”

ती खात्री करण्यासाठीच शाहीननं ‘प्रतिकट्टा’ उभा केला होता. जुन्या कट्ट्यावरच्या बाराशे सभासदांनी बावीस वर्षांत लिहिलेलं अक्षर न् अक्षर वापरून तिनं बाराशे ‘प्रतिखेळाडू’ घडवले होते. प्रत्येक जण मूळ माणसासारखाच चिडणारा, तसाच आळशी. त्यांच्यापुढे सत्तेचाळिसावी गुहा ठेवायची, सोबती काढून घ्यायचा, आणि बघत राहायचं. त्यांचा एक महिना आपल्या एका तासात उरकत होता.

पहिल्या दहा मिनिटांत प्रति-झोपमोड्यानं काहीतरी तद्दन चुकीचं लिहिलं. ताई खुर्चीतून उठल्याच. “अगं, हा तस्साच आहे! आता काका तुटून पडतात की नाही बघ.”

काका तुटून पडले. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

पण अर्ध्या तासानं नोंदी विरळ झाल्या. पाऊण तासानं थांबल्या. गुहा बंदच.

“म्हणजे सोबतीचा दोष नव्हता,” कुलथे उठत म्हणाले. त्यांना जिंकल्याचा आनंदही झालेला दिसला नाही. “माणसंच आता तशी राहिली नाहीत.”

“ही आताची माणसं नाहीत, साहेब, तेव्हाचीच आहेत,” शाहीन पडद्यावरून नजर न हलवता म्हणाली. “आणि गप्पही नाहीत. कट्ट्यावर शांतता आहे, पण खासगी निरोप धो धो वाहतायत. सगळे एकाच सभासदाकडे.”

“कोण तो?” ताईंनी विचारलं.

शाहीन जरा घुटमळली. “बाराशेंत तुम्हीही आहात, ताई. तुमचंही लिखाण मी घेतलं होतं.”

पडद्यावर प्रति-ताई एकेकाला मायेनं उत्तरं देत होती. *कुठं अडलास रे? लाजू नकोस, मला सांग.* सत्तेचाळिसाव्या गुहेबद्दल तिलाही फारसं ठाऊक नव्हतं, पण जो तो तिलाच विचारत होता, आणि अर्धवट उत्तर घेऊन एकटाच धडपडत होता. कुणाची चूक कुणाला दिसत नव्हती.

“तुम्ही ‘ताईला विचारा’ ही खासगी निरोपांची पेटी कधी उघडलीत?” शाहीननं विचारलं.

“सोबती यायच्या दोन वर्षं आधी,” ताई म्हणाल्या. “नवी पोरंपोरी काही विचारायला आली की जुने लोक फार टोचून बोलायचे गं. एक मुलगी रडून निघून गेली. मला बघवेना.”

शाहीननं खऱ्या कट्ट्याच्या नोंदींचा आलेख काढला. उतरण पेटीच्याच महिन्यात सुरू झाली होती. सोबती आला तेव्हा कट्टा अर्धा रिकामा होता.

“कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं,” ताई म्हणाल्या. सगळं खापर त्यांनी चार वर्षं एका यंत्रावर फोडलं होतं. “पेटी काढ, शाहीन. परत चालव.”

पेटीशिवायचा प्रतिकट्टा पहिल्या मिनिटापासून कडाकडा भांडला. टोमणे होते, रुसवे होते. एक नवखी खरोखरच निघून गेली. ताईंनी तोंड फिरवलं. बेचाळिसाव्या मिनिटाला सत्तेचाळिसावी गुहा उघडली.

कुलथ्यांनी तिथल्या तिथे होकार दिला. यापुढे प्रत्येक नव्या गुहेसाठी सोबती महिनाभर गप्प बसेल, अठ्ठेचाळिसावी सोमवारी येईल, कट्टा राहील. अट एकच. ती त्यांना बोलून दाखवावी लागली नाही.

दुपारी ताईंनी खरी पेटी उघडली. तिच्यात आता चारच माणसं उरली होती. सोबती असूनही ही चौघं अजून त्यांनाच विचारायची. सगळ्यात वरचा निरोप साताऱ्याच्या खऱ्या झोपमोड्याचा होता. तो आता साठीला आला होता.

*ताई, गुहेचं काही नाही हो, ती मी कधीच सोडून दिली. सहज लिहितो. घरात बोलायला कुणी नाही. तुम्ही बऱ्या आहात ना?*

त्यांनी उत्तर लिहिलं, पुसलं. एकाला उत्तर दिलं की दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

*सोमवारी कट्ट्यावर या,* एवढंच त्यांनी चौघांना लिहिलं, आणि पेटी बंद केली.