भावाच्या रकान्यातला अंगठा

अंगठा कोणी दिला?

पिंटूनं हे विमानतळावरच्या कारकुनाला विचारलं, पोलिसांना विचारलं, परदेशात दूतावासाला फोन लावून विचारलं. उत्तर आजवर कोणी दिलेलं नाही. वलगावात लाइट गेली की पोरं नत्थुजींच्या ओट्यावर जमतात, अन् नत्थुजी दर वेळी याच प्रश्नापासून सुरुवात करतात. "ऐका मंग. पन मधात कोनी हासाचं नाई. त्याचं घर माह्या भिंतीले लागून हाय."

तारीख सतरा नोव्हेंबर दोन हजार तेवीस. शुक्रवार. पिंटू तेव्हा अकोल्यात जठारपेठेत वेल्डिंगच्या दुकानात कामाला होता. दुपारी एक गेट घासत असताना त्याला नागपूरहून फोन आला. नागसेन यांची पेटी रात्रीच्या विमानानं येते आहे, घ्यायला या, ओळखपत्र आणा.

"कायची पेटी?" पिंटूनं विचारलं.

पलीकडचा माणूस म्हणाला, "तुम्हाला... माहीत नाही?"

आपला मोठा भाऊ पाच दिवसांपूर्वी हार्टनं गेला, हे त्याला असं कळलं.

नागसेन आखातातल्या आपल्या दूतावासात नोकरीला होता. गावाला वाटायचं, दूतावास म्हणजे कोट-टाय अन् मेजवान्या. नागसेनचं टेबल वेगळं होतं. सकाळी हरवलेले पासपोर्ट, दुपारी पगार अडकलेले मजूर, गुरुवारी तुरुंगात भेटी. अन् अधूनमधून पेट्या. तिकडे आपला कोणी मेला की पेटी बंद होताना नागसेन स्वतः जाऊन उभा राहायचा. मृताचं नाव मोठ्यानं वाचायचा, मगच झाकण लागायचं. घरच्यांच्या संमतीचा कागद असल्याशिवाय पेटी हलत नाही, अन् त्या कागदावर एक रकाना असतो, 'मृताशी नातं'.

ज्याचं कोणीच सापडत नाही, त्याला तिथंच पुरतात. रकाना रिकामा राहतो. तो रिकामा रकाना नागसेनला सोसायचा नाही. नियमात बसत नसतानाही तो तिथं लिहायचा, 'भाऊ', अन् खाली सही करायचा. पहिल्यांदा त्यानं हे केलं वरूडकडच्या गोपालसाठी. गोपाल इमारतींना रंग द्यायचा अन् परांचीवरून पडून मेला. त्याला अक्षर येत नव्हतं, पुढंमागं कोणी नव्हतं. "त्याच्या बोटाचा पांढरा रंग काही केल्या निंगाला नाई रे," नागसेननं फोनवर सांगितलं होतं. "पिंट्या, मले आता अजून एक भाऊ झाला."

"सख्खा पुरत नाई काय तुले?" पिंटू हसला होता.

मग जुलैत माय गेली. त्याच दिवशी तिकडं मजुरांच्या वस्तीत आग लागली. नागसेन दवाखान्यादवाखान्यांतून नावं लिहीत फिरत होता. तो आला नाही. पिंटूचं डोकं आधीच तापट. तो फोनवर ओरडला, "लोकाइचे मुडदे पोचवतं, अन् सोताच्या मायले खांदा द्याले तुले टाइम नाई? आता मेला तरी फोन नको करू!"

अन् त्यानं नंबर ब्लॉक केला. नागसेनचाही, दूतावासाचाही. घराला कुलूप लावून अकोल्याला निघून गेला.

नागपूरच्या गाडीत बसल्यावर त्यानं ब्लॉकची यादी उघडली. दूतावासाचा नंबर, एकाखाली एक, पाच दिवस. अन् सगळ्यांत खाली, रविवारी रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी, नागसेनचा स्वतःचा. एकच.

तो गेला ती रात्र तीच.

विमानतळावर कारकुनानं कागद पुढं केले. संमतीचा कागद वर होता. नातं: भाऊ. खाली सही नव्हती, अंगठा होता. पांढरा.

"हे मी नाई केलं," पिंटू म्हणाला.

"भाऊ तुम्हीच ना?"

"मीच. पन मले सही येते."

कारकुनानं कागदावर नख घासलं. शाई नव्हती, ऑइल पेंट होता. त्यानं कागद उलटा करून पिंटूच्या हातात दिला अन् म्हणाला, "पेटी घेऊन जा, भाऊ."

अमरावतीचे अब्दुल सत्तार ॲम्ब्युलन्स घेऊन आले होते. साठीचे गृहस्थ. साडेबाराला गाडी निघाली. पिंटू पुढं बसला.

"पिछे बैठो ना, बेटा," सत्तारचाचा म्हणाले. "मयतीले एकटं सोडत नाई."

"चाला तुमी."

मागं जाऊन तो काय बोलणार होता?

तळेगाव गेलं. चाचांनी दोनदा आग्रह केला, पिंटू हलला नाही. तिवस्याच्या अलीकडं गाडीत वास यायला लागला.

"चाचा, गाडीले रंग देल्ला काय?"

"कायचा रंग? तीन साल झाले." त्यांनी काच खाली केली. वास गेला नाही. ताज्या ऑइल पेंटचा वास.

चाचांनी आरशात पाहिलं. मागच्या बाजूला जाळीची खिडकी होती, आत बारीक दिवा होता. त्यांनी पुन्हा पाहिलं. मग आरसा हातानं वर फिरवला.

"काय झालं?"

"कुछ नाई."

मोझरी गेली. चाचा पुटपुटत होते, दुवा असावी. बऱ्याच वेळानं म्हणाले, "बेटा... आता नको जाऊ मागं."

"कावून?"

"कोनी तं बसलं हाय."

पिंटूनं मान वळवली नाही. वळवावी वाटली... वळवली नाही.

वलगावात गाडी शिरली तेव्हा पावणेचार झाले होते. तोंड दाखवायची लाज म्हणून त्यानं फक्त नत्थुजींना फोन केला होता. ते एकटेच कंदील घेऊन उभे होते.

पेटी जड. लाकडी, आतून पत्रा. चार कोपरे, माणसं तीन.

"आजून कोनाले उठवू काय?" नत्थुजींनी विचारलं.

"नोका."

डोक्याकडं पिंटू अन् चाचा. पायाकडं एका कोपऱ्याला नत्थुजी. दुसरा कोपरा मोकळा. "घसटत नेऊ," चाचा म्हणाले.

तिघांनी जोर लावला.

पेटी उचलली गेली. चारही कोपऱ्यांनी. सरळ. खांद्यावर आली.

वीस पावलं. मागं पावलं वाजत होती. नत्थुजींची... अन् अजून एकाची.

दार. उंबरठा. पेटी खाली ठेवली. हळूच, जसं झोपलेल्या माणसाला ठेवतात. नत्थुजींनी त्या बाजूला कंदील नेला नाही. चाचांनी पाणीसुद्धा घेतलं नाही, निघून गेले.

"दादा," पिंटू पेटीला म्हणाला. उजाडेपर्यंत तो तिथंच बसला.

उजाडल्यावर दिसलं. पायाकडच्या मोकळ्या कोपऱ्यावर पांढरी बोटं उठली होती. खालून धरल्यासारखी. अन् अंगठा.

संध्याकाळी नागसेनला अग्नी दिला. पिंटूनं पेटी मोडली, पण त्या कोपऱ्याची फळी ठेवून घेतली. आठव्या दिवशी पुण्यानुमोदनाला नागसेनच्या फोटोशेजारी त्यानं ती उभी केली. बाया विचारायला लागल्या, "हे काय रे, बाप्पा?"

"हाबी भाऊच हाय," पिंटू म्हणाला.

फोटोपुढं एक मेणबत्ती लावली, फळीपुढं एक. सगळे गेल्यावर फळी उचलली, तर बोटाला रंग लागला.

आठ दिवस झाले होते. रंग ओलाच होता.

पिंटूनं फोटोमागून संमतीचा कागद काढला. सही येत होती त्याला. पेनही खिशात होता. पण त्यानं आपला अंगठा त्या फळीवरच्या ओल्या अंगठ्यात बुडवला, अन् 'भाऊ' लिहिलेल्या रकान्यात, पहिल्या अंगठ्याला लागून, दाबून धरला.